शालूचा काळा डबा

शालू, मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुला वाटायला नको की ही आता माझे गोडवे गाणार. गोडवे गायला तेराव्याला पुष्कळ लोक आले होते. जेवले, गायले आणि गेले. मग तुझा निलेश टीव्हीजवळ उकिडवा बसला. तुझा तो काळा डबा, सबवूफर, त्यानं कोपऱ्यातून पुढे ओढला, मागची वायर चाचपली आणि मला म्हणाला, "मोठी आई, हा मी घेऊन जाऊ का? तुला याचा काय उपयोग? तुला तर ऐकू येतं."

मी म्हटलं, "मला येतं म्हणजे? तुझ्या आईला येत नव्हतं?"

तो वायर हातात घेऊन रडायला लागला. मग सांगितलं. उजवा कान पूर्ण गेला होता. डाव्या कानात आवाजाचा नुसता गलका उरला होता, शब्द नव्हते. मशीन लावलं तर गलका मोठा होईल, शब्द काही येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्याला माहीत, डॉक्टरांना माहीत, तुला माहीत. आणि मी, जी सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत तुझ्यासमोर बसलेली असायची, तिला माहीत नाही. "मोठी आईला सांगायचं नाही," म्हणून तू त्याला शपथ घातली होतीस.

छान केलंस.

आपण जावा. मी थोरली, तू धाकटी. दोघींचे नवरे गेले, निलेश नोकरीच्या सोयीनं बायपासकडच्या नव्या कॉलनीत राहायला गेला, आणि छत्रीबागेतल्या या वरच्या मजल्यावर आपण दोघीच उरलो. लोकांना वाटायचं, दोन म्हाताऱ्या एका घरात कशा राहत असतील. कशा म्हणजे, भांडत. सकाळी भाजीवरून, दुपारी पंख्याच्या स्पीडवरून आणि संध्याकाळी सिरियलवरून. पहिली दोन भांडणं कामापुरती. संध्याकाळचं खरं. त्यासाठी मी दिवसभर जीव राखून ठेवायची. आता संध्याकाळ होते आणि मी टीव्हीसमोर वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी बसते.

सगळं त्या पातळ टीव्हीपासून सुरू झालं. जुना डब्यासारखा टीव्ही होता तोवर त्यातली माणसं आपल्याशी बोलत होती. निलेशनं हौसेनं पातळ टीव्ही भिंतीवर लावला, तेव्हापासून ती भिंतीशी बोलायला लागली. स्पीकर मागच्या बाजूला, हे कोणत्या शहाण्याला सुचलं कोण जाणे. आवाज वाढवला की गाणी अंगावर यायची, कमी केला की बोलणं गायब. आणि तुझं सुरू झालं, "काय म्हणाली ती?" मी सांगेपर्यंत पुढची बोलून जायची. "आता काय म्हणाली?" एक सिरियल बघायची तर मला दोनदा बोलावी लागायची. शेवटी मीच निलेशला म्हटलं, "बाबा रे, याचं काहीतरी कर, नाहीतर ही मला टीव्हीच्या शेजारी टांगून ठेवेल."

तो म्हणाला, साउंडबार घ्या. लांब पट्टी असते, टीव्हीखाली ठेवायची. त्यानं मोबाइलवर एक दाखवला. तो एवढा लांब होता की शोकेसवर ठेवला असता तर शेजारच्या देव्हाऱ्याचं दार उघडलं नसतं. मी म्हटलं, "सिरियलसाठी देवांना कोंडू का?" तेव्हा तू उठलीस, परकराची एक जुनी नाडी काढलीस, शोकेसच्या या टोकापासून देव्हाऱ्याच्या बिजागरीपर्यंत ताणलीस आणि गाठ मारलीस. तीच नाडी पर्समध्ये घालून आपण राजवाड्याकडच्या त्या मोठ्या दुकानात गेलो.

त्या दुकानदाराचं तोंड मला अजून आठवतं. "अम्माजी, साइज बताइए, कितने इंच?" तू पर्समधून नाडी काढलीस. "इतने." तो नाडीकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि मागच्या माणसाला सांगतो, "भिया, कॉम्पॅक्ट वाले निकालो, अम्माजी पूरी तैयारी से आई हैं." एकेका साउंडबारला तू नाडी लावून बघत होतीस, जणू ब्लाउजचं माप घेते आहेस. एक छोटा, सव्वा हात लांबीचा, गाठीच्या आत बसला. तिथे काम संपलं होतं. मी पर्स उघडायला लागले.

तर तो म्हणाला, याच्यासोबत सबवूफर येतो. जमिनीवर ठेवायचा डबा, वायर फक्त लाइटची. धमाक्यासाठी. आणि त्यानं मारामारीचं काहीतरी लावलं. बॉम्ब फुटले, गाड्या उडाल्या, मी दोन पावलं मागे सरकले. म्हटलं, "भाऊ, बातम्या लावा." तो म्हणाला, "अम्माजी, न्यूज के लिए सबवूफर कौन लेता है?" म्हटलं, "तेच तर मी म्हणते. नुसती पट्टी द्या."

आणि तू काय करत होतीस? तू त्या काळ्या डब्यावर तळहात ठेवून उभी होतीस. डोळे मिटून. मी तुला म्हटलंही, "देवाच्या पायावर हात ठेवल्यासारखी काय उभी आहेस? लोक बघताहेत." तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "अक्का, मला हा पाहिजे."

"कशाला? घरात भूकंप करायला?"

"मला पाहिजे."

उभ्या जन्मात तू मला असं म्हणाली नव्हतीस. पातळ घेताना "तुम्हीच सांगा अक्का", भाजी घेताना "तुम्हीच बघा अक्का". आणि एका डब्यासाठी भर दुकानात अडून बसलीस. मी तुला सगळं समजावलं. खोली छोटी आहे. खाली चौरसियाबाई राहते, तिचं छत वाजेल. आपण दोन म्हाताऱ्या, आपल्याला बोलणं ऐकायचं, बॉम्ब नाही. तू ऐकून घेतलंस. म्हणजे मला वाटलं, ऐकून घेतलंस. मग दुकानदाराला म्हणालीस, "भैया, दोनों पैक कर दो."

घरी येईपर्यंत मी रिक्षात एक शब्द बोलले नाही. आता मला कळतं, त्यानं तुला काडीचा फरक पडला नसेल.

तेव्हाच सांगायचं होतंस. त्या दुकानात, हात डब्यावर असताना. "अक्का, मला आता हेच कळतं," एवढं म्हणायचं होतं. मी काय तुला खाल्लं असतं?

निलेश येऊन जोडून गेला. आणि खरंच जादू झाली, असं मला वाटलं. बोलणं स्वच्छ. कोण हळूच काय पुटपुटलं तेही कळायला लागलं. आणि तू "काय म्हणाली?" विचारायचं बंद केलंस. पूर्ण बंद. मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले, की बघा, मी निवडलेल्या पट्टीनं शालूचे कान उघडले. भाजीवालीला सांगितलं, चौरसियाबाईला सांगितलं. तू शेजारी उभी राहून मान डोलवायचीस. "हो ना, आता कसं स्पष्ट येतं." शालू, किती खोटं बोललीस ग! आणि चेहऱ्यावर काही नाही. एवढी नाटकं तुला येतात हे मला माहीत असतं तर त्या सिरियलची गरजच नव्हती.

मग ते कव्हर. या घरात तू कशाला कव्हर शिवलं नाहीस? फ्रिजला, मिक्सरला, शिलाई मशीनला, गॅसच्या टाकीला झालरीचं. कधी कधी वाटायचं, मी जरा वेळ हलले नाही तर ही मलाही कव्हर शिवेल. पट्टी आल्यावर पंधरवड्यात तिलाही अंगरखा शिवलास. जुन्या गोधडीचा, दुपदरी, आत कापूस, वर तुझ्या हिरव्या पातळाचा काठ. दिसायला सुंदर, माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवसापासून टीव्हीतली माणसं रजईत तोंड घालून बोलायला लागली.

मी म्हटलं, "शालू, आवाज बसला ग याचा."

तू परमलचे कुरमुरे खात होतीस. सेव घालून, कुरुम कुरुम. माझ्याकडे बघून म्हणालीस, "नाही हो अक्का. मला तर एकदम क्लिअर येतं."

"मला नाही येत."

"मग तुमचेच कान गेले."

आठवडाभर मला हेच ऐकवत राहिलीस. तुमचेच कान गेले. मला इतकं खरं वाटलं, की मी स्वतः निलेशला म्हटलं, मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चल. तूही सोबत आलीस. मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, बीप आला की हात वर करा म्हणाले. मी शाळेतल्या पोरीसारखी हात वर करत बसले. कान ठणठणीत निघाले. मी बाहेर बाकावर बसले, तर तू म्हणालीस, "आलोच आहोत तर माझेही बघून घेतात," आणि निलेशला घेऊन आत गेलीस. बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?" तू म्हणालीस, "वयाप्रमाणे ठीक आहे." निलेश पाणी प्यायला गेला. बराच वेळ पीत होता.

तो त्याच संध्याकाळी घरी आला. पट्टीवरची गोधडी बघून कपाळावर हात मारला. "आई, स्पीकरवर गोधडी कोण घालतं?" त्यानं ती काढली आणि आवाज परत आला. मी तुला एवढं बोलले, एवढं बोलले, की चौरसियाबाई जिन्यात येऊन उभी राहिली. मला काचेच्या खोलीत बसवलंस, माझे कान गेले म्हणालीस, आणि तुझ्या गोधडीनं सगळं केलेलं! तू हसत होतीस. निलेश हसत नव्हता. मला वाटलं, पेट्रोल जळलं म्हणून तोंड पाडून बसला आहे.

गोधडी घातलेली काय, काढलेली काय, तुला दोन्ही सारखंच होतं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलीस. "धूळ बसते अक्का." मी काढायची, तू घालायचीस. टीव्ही लावण्याआधी हा आपला रोजचा नेम झाला होता.

निलेश म्हणतो, "मोठी आई, तुला कधी शंका नाही आली?" का यावी? स्वयंपाकघरातून हाक मारली तर तू ओ द्यायची नाहीस, पण तू सून म्हणून या घरात आलीस तेव्हाही द्यायची नाहीस. मला तो आळस वाटत होता, आणि तो आळस होताही. समोर बसून बोलले तर बरोबर उत्तर द्यायचीस. आणि मी काय बोलणार, हे तुला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. माझे ओठ अर्धे हलले तरी तुला पुढचं कळत असणार. तेव्हा शंका मी घ्यायची नव्हती. तू सांगायचं होतं.

एक मात्र मला खटकलं होतं, ते कबूल करते. सगळ्या घराला कव्हर, आणि तो काळा डबा उघडा. मी म्हटलंही, "याला का नाही शिवत?" तू म्हणालीस, "त्याला उकडतं." आणि त्याच्यावर दोन्ही पाय ठेवून बसलीस. अनवाणी. रोज तशीच. हौसेनं आणलेल्या वस्तूचा पाट केलास, म्हणून मी तुझ्या मागे लागले. चौरसियाबाई वर येऊन म्हणाली, "अम्माजी, हमारी छत पर कोई ढोल बजाता है क्या?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू तिच्या हातावर सेव-परमलची वाटी ठेवलीस. तिनं खाल्लं आणि गेली. तिलाही तूच गुंडाळलंस.

निलेशला मी तेराव्याला सांगितलं, डब्याचं रविवारी बघू. तो म्हणाला, त्याच्या टीव्हीला लागेल, इथे धूळ खाईल. त्याचं चूक नाही. मला पट्टी पुरते, मी दुकानातही हेच म्हणत होते. डबा गेला तर कोपरा मोकळा होईल आणि चौरसियाबाई सुखानं झोपेल. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "अब तो छत शांत है." म्हटलं, "हाँ, बजाने वाली गई." ती ओशाळली. मला तिला ओशाळवायचं नव्हतं, पण बोलून गेले.

काल संध्याकाळी मी ठरवलं, डबा देण्याआधी बघू तरी, या बयेला यात काय मिळत होतं. फुलवातींच्या डब्यातून कापूस घेतला आणि दोन्ही कानांत गच्च भरला. पट्टीवर तुझी गोधडी घातली. हो, मी स्वतः घातली. तुझ्या खुर्चीत बसले, चप्पल काढली आणि डब्यावर पाय ठेवले. सिरियल लागली. तोंडं हलत होती. काही नाही. मला वाटलं, हात्तिच्या, हे तर माशांच्या पेटीसमोर बसण्यासारखं आहे.

मग टाचेत काहीतरी हललं. आधी बारीक, मग वर पोटरीपर्यंत. धम, धम, धम. पडद्यावर अजून नुसतं बंद दार. आणि माझ्या तोंडून निघालं, "आली बया." दार उघडलं आणि सासू आत आली.

हे तुझं वाक्य होतं. सासू यायच्या आधीच तू म्हणायचीस, "आली बया." मला वाटायचं, मी दुपारी झोपते तेव्हा तू तोच भाग चोरून बघून घेतेस. त्यावरून मी तुला दोनदा पकडायचाही प्रयत्न केला होता.

तर धमधम कळत होती. कोण आलं, कोणावर संकट आलं, गाणं लागलं की रडारड, एवढं पायांना कळत होतं. पण शब्द? शब्द कुठून आणत होतीस? आपण तर त्या शब्दांवरून भांडायचो. सून सासूला काय बोलली, बरोबर बोलली की चूक. तुला तर सगळं माहीत असायचं.

मी खुर्चीत जरा सरळ झाले, तेव्हा लक्षात आलं. तुझी खुर्ची तिरकी आहे. नेहमीच होती, मी तिला पाय लागून कितीदा अडखळले आहे, आणि सरळ केली की तू पुन्हा तिरकी करायचीस. तिथून टीव्ही अर्धा दिसतो. माझी खुर्ची पूर्ण दिसते.

जाहिराती लागल्या की तू काय करायचीस? म्हणायचीस, "अक्का, मला तर बाई सुनेचंच बरोबर वाटतं." किंवा ज्या कोणाचं मला चूक वाटत असेल, त्याचं. दर वेळी नेमकी उलटी बाजू. मी चिडायची. आणि चिडून तुला पहिल्यापासून सगळं ऐकवायची. "बरोबर? अग तिनं सासूला काय म्हटलं? तिनं म्हटलं की..." आणि मग सासू काय म्हणाली, नवरा काय म्हणाला, सगळं हातवारे करून, तुझ्याकडे तोंड करून. तू परमल खात माझ्याकडे टक लावून बघायचीस. मला वाटायचं, ही हट्टी आहे, हिच्या डोक्यात शिरत नाही. आणि तू सगळी सिरियल माझ्या तोंडावर बघत होतीस.

मी कानातला कापूस काढला आणि निलेशला फोन लावला. म्हटलं, "खरं सांग. तिनं शपथ का घातली?"

तो म्हणाला, "आई म्हणायची, अक्कांना कळलं तर त्या माझ्याशी भांडणार नाहीत. हळूहळू बोलतील, पाठीवरून हात फिरवतील. ते मला नको."

आता तुला वाटेल, मी रडले असेन. नाही. मला आणखी राग आला. मी पाठीवरून हात फिरवला असता का? मी? तू मला एवढंच ओळखलंस? मग जरा वेळ बसून विचार केला. फिरवला असता, शालू. पहिल्या दिवशी मी खूप ओरडले असते, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या ताटात मऊ भात वाढून "राहू दे ग, तुला काय कळणार" म्हणाले असते. तिसऱ्या दिवसापासून टीव्ही एकटीनं बघितला असता, शेजारी तुला बसवून. तुझं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच राग जात नाही.

निलेशला सांगितलं, डबा मिळणार नाही. तो म्हणाला, "पण मोठी आई, तू काय करणार त्याचं?" म्हटलं, "पाय ठेवणार."

आणि आता मुद्द्याचं. ती सून. जिच्यावरून आपलं शेवटचं भांडण अर्धं राहिलं. सकाळी पूर्ण करू म्हणून रात्री टीव्हीसमोरून उठलो, आणि सकाळी तू नव्हतीस. तू म्हणत होतीस, ती घर सोडून गेली ते बरोबर केलं, ती आता येणार नाही आणि येऊही नये. मी म्हणत होते, येईल. तर ऐक, आज ती आली. बॅग घेऊन दारात उभी राहिली. सासू म्हणाली, "का आलीस?" ती म्हणाली, "तुमच्याशी बोलणं राहिलं होतं." म्हणजे मी जिंकले. तुझं काही म्हणणं असेल तर बोल.

पट्टीवर गोधडी नव्हती, सगळे शब्द स्वच्छ आले. जाहिराती लागल्यावर मी तुझ्या खुर्चीकडे तोंड केलं आणि तुला पहिल्यापासून सगळं सांगितलं. हळूहळू नाही. नेहमीसारखं, भराभर, भांडत.